काठी बांबूची, गळ नॉर्वेचा

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही आणि उन्हाळ्यातही दुथडी वाहील अशी नदीही नाही. तरी मासे धरण्याच्या साधनांवरचा वाद इथे कोकणाइतकाच रंगतो, कारण जिल्ह्यात धरणं आहेत. घाटावर पैनगंगेवरचं येळगाव आणि पेनटाकळी, मेहकरकडचं कोराडी, देऊळगाव महीजवळचं खडकपूर्णा, म्हणजेच संत चोखासागर. घाटाखाली नळगंगा, ज्ञानगंगा, मन. घाटावरचं बरंचसं पाणी गोदावरीच्या वाटेला लागतं, घाटाखालचं पूर्णेतून तापीला जातं. खोरी दोन असली तरी काठावर ऐकू येणारा प्रश्न एकच. एक बांबू, थोडा तंगूस आणि एक गळ एवढ्यावर मासा मिळत असेल, तर पाच-दहा हजारांचा रॉड आणि रीळ घ्यायचं कशाला?

या प्रश्नासोबत एक किस्सा हमखास येतो. शहरातून आलेला तरुण, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, हातात चकाकता रॉड, आणि दिवसभरात एकही मासा नाही. शेजारी बांबू घेऊन बसलेले एक आजोबा, आणि त्यांच्या पिशवीत पाच रोहू. धरण बदलतं, किस्सा तोच राहतो. तो खोटा नसतो, पण अर्धाच सांगितलेला असतो. आजोबांना पाणी ठाऊक आहे. धरण भरण्याआधी नाला कुठून जात होता, बुडालेली विहीर कुठे आहे, सकाळी मासा कुठल्या काठाला येतो, हे त्यांना पाठ आहे. त्या ज्ञानाची किंमत बांबूच्या खात्यावर मांडायचं कारण नाही. याच आजोबांच्या हातात बरा रॉड दिला तर पाचाचे सात होतील की नाही, हे तो किस्सा कधी सांगत नाही.

म्हणून महाग विरुद्ध स्वस्त असा सरसकट निकाल देण्यापेक्षा साधनाचे भाग सुटे करून पाहिलेले बरे. गळ, दोरी, गाठ, वजन, तरंगणारं भेंड, काठी, रीळ. यातल्या काही भागांत शंभर रुपये जास्त घातले की फरक पाण्यात दिसतो. काहींत पाच हजार घातले तरी तो फक्त फोटोत दिसतो.

सुरुवात गळापासून करू, कारण माशाच्या तोंडात जातो तो एवढाच भाग. काठी कोणत्या कंपनीची आहे हे माशाला कळत नाही, गळाचं टोक बोथट आहे हे मात्र कळतं, आणि कळलं की तो सोडून देतो. बाजारात सुटा मिळणारा साधा गळ दोन-तीन रुपयांना पडतो, नावाजलेल्या कंपनीचा दहा-पंधराला. टक्केवारीत पाहिलं तर ही वाढ भयंकर, खिशाच्या हिशेबात एका चहाची. त्या चहाच्या बदल्यात मिळतं काय? एक, टोकाची धार. चांगल्या गळांचं टोक घासून झाल्यावर आम्लाच्या द्रावणात धरून आणखी बारीक केलेलं असतं. दोन, पोलादाला दिलेलं पाणी. पाणी कमी बसलं तर गळ ओढीला सरळ होतो, जास्त बसलं तर काडकन मोडतो. मधला मुद्दा साधणं ही जुनी विद्या आहे. नॉर्वेतली मुस्ताद ही कंपनी १८३२ साली सुरू झाली आणि १८७७ पासून गळ बनवते आहे. जपानच्या गामाकात्सू, ओनर या कंपन्यांचं नावही गळांमुळेच झालं.

दुकानात गळ पारखायची पद्धत सोपी आहे. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढायचं. नखावर रुतून ओरखडा काढतो तो धारदार, सरकून जातो तो बोथट. आणि बोथट गळ टाकून द्यायची गरज नाही, बारीक कानशीने चार घासे मारले की तो कामाला येतो. मरळ धरायची असेल तर ही परीक्षा अजिबात चुकवू नये. मरळीचं तोंड हाडांनी घट्ट असतं, त्यात बोथट टोक घुसत नाही. कटल्याचे ओठ मऊ, तिथे मध्यम गळही चालून जातो.

दुसरा भाग दोरी. आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात तो नायलॉनचा एकेरी धागा. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या गटाने १९३५ साली नायलॉन तयार केलं, १९३८ मध्ये कंपनीने ते जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी त्याची मासेमारीची दोरी बाजारात आली. त्याआधी रेशीम, सूत आणि घोड्याच्या शेपटीचे केस हीच गळाची दोरी होती, आणि वापर झाला की ती रोज वाळवावी लागे. नायलॉनने ही कटकट संपवली, पण त्याच्या दोन खोडी आहेत. ते पाणी पितं आणि ओलं झालं की थोडं कमजोर होतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी तर ते हळूहळू मरतंच. वऱ्हाडातल्या उन्हात आठवडी बाजाराच्या दुकानाबाहेर महिनोन् महिने लटकलेली तंगूसाची गुंडी स्वस्त मिळते, पण ती स्वस्त नसते. आतल्या फळीवरची, खोक्यातली गुंडी मागा. दुकानदार कुरकुरतो, पण देतो.

स्वस्त तंगूसात आणखी एक गोम असते. वेष्टनावर लिहिलेलं वजन तो पेलतो, पण जाडी वाढवून. जाड दोरी लांब जात नाही, पाण्यात ताठ राहते आणि आमिष खोटं वाटायला लावते. चांगली दोरी बारीक राहून तेवढंच वजन पेलते. इथे दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले तर हळहळू नये. दरवर्षी ती बदलायचीच असते, म्हणून फार महागही घेऊ नये.

त्यापुढे दोन चकाकत्या वाटा आहेत. पहिली विणलेली दोरी. ही विशेष प्रकारच्या पॉलिथिलीनच्या तंतूंची असते, त्याच वजनाच्या नायलॉनपेक्षा कितीतरी बारीक, आणि ताणली जवळपास जात नाही. पाणकणसाच्या आणि शेवाळाच्या गचपणात दडलेल्या मरळीला बाहेर खेचायचं तर ही दोरी पैसे वसूल करते, कारण ओढ दिली की ती लगेच गळापर्यंत पोचते. दुसरी वाट फ्लुओरोकार्बनची. तिची जाहिरात अशी की पाण्यात दिसत नाही. यात तथ्य आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुओरोकार्बनचा साधारण १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पाण्याच्या जितकं जवळ, तितकं कमी दिसणार. पण हे गणित नितळ पाण्याचं आहे. काळ्या मातीतून वाहून आलेलं आपल्या धरणांचं पाणी पावसाळ्यात चहासारखं आणि पुढेही बरेच महिने गढूळ असतं. वीतभर खोल घातलेला स्वतःचा हात दिसत नाही, तिथे माशाला दोरी दिसेल म्हणून चौपट पैसे मोजणं म्हणजे शुद्ध हौस. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण तिला गरज म्हणू नये.

गाठीला तर पैसेच पडत नाहीत, आणि सगळ्यात जास्त मासे तिथेच निसटतात. कुठलीही गाठ दोरीची ताकद कमी करते, वाईट गाठ ती निम्म्यावर आणते. गाठ आवळण्याआधी थुंकी किंवा पाणी लावून ओली करायची, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन भाजत नाही. मग सावकाश आवळायची आणि ताणून बघायची. घरी सामान तोलायचा हुकाचा काटा असेल तर दोरीचं टोक त्याला बांधून ओढून पाहा. सहा किलोचा तंगूस तीन किलोला सुटला तर दोष कंपनीला देण्याआधी गाठ बघावी.

वजनासाठी लोक शिसं लावतात. इथे स्वस्त वस्तू महागपेक्षा नुसती बरोबरीची नाही, सरस आहे. आपल्या धरणांच्या तळाशी बुडालेल्या बाभळी आहेत, जुने बांध आहेत, विहिरींचे कठडे आहेत. वजन अडकणार आणि तुटणार हे धरूनच चालायचं. सायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या दुकानात पडलेले जुने नट फुकट मिळतात आणि तेवढंच काम करतात. शिवाय शिसं विषारी. ब्रिटनमध्ये ते गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा १९८७ साली तिथे गळाला शिशाची बहुतेक वजनं लावायला बंदी आली. आपल्या धरणांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, त्यांच्या पोटात शिसं जायचं काही कारण नाही. भेंडाचंही तसंच. ज्वारीच्या वाळल्या धांड्याचा सोललेला तुकडा दुकानातल्या रंगीत भेंडाइतकाच तरंगतो. त्याची खोली कितीवर बांधायची, हे मात्र माशावरून ठरतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. कटल्यासाठी तळाला आमिष सोडून बसलेला माणूस लाखाचा रॉड घेऊन बसला तरी बसूनच राहणार.

ही अक्कल नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. वऱ्हाडही तेव्हा चालुक्यांच्या सत्तेखाली होतं. हा राजा, त्याला साधनांची काय कमी? पण त्या प्रकरणात काठी-दोरी-गळाच्या बरोबरीने माशांच्या जाती आणि कुठल्या माशाला काय खाऊ घालायचं याची तपशीलवार चर्चा आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या प्रकरणावर शास्त्रीय निबंध लिहिला, तेव्हा ते आधुनिक अभ्यासकांसमोर आलं. खजिना हाताशी असलेल्या माणसाने माशाच्या जेवणावर इतकी शाई खर्च करावी, याची आजच्या खरेदी करणाऱ्याने दखल घ्यायला हरकत नाही.

आता काठी. बांबूचा मोठा गुण त्याची लवचिकता, मोठी मर्यादा त्याची लांबी. बांबूला बांधलेली दोरी ठरावीक लांबीची असते. मोठा कटला गळाला लागून पळत सुटला आणि बांबू अधिक दोरी यांच्या पलीकडे गेला, की गळ, दोरी किंवा काठी यांपैकी काहीतरी तुटतं. दुसरी अडचण आपल्या धरणांच्या काठाची. फेब्रुवारीनंतर पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते, आणि काठाजवळ बरंच अंतर गुडघाभरच पाणी उरतं. मासा असतो पुढच्या खोल भागात. बांबू तिथवर पोचत नाही. रीळ असलेला साधा रॉड तीस-चाळीस मीटर सहज टाकतो. बांबूकडून दीड-दोन हजारांच्या रॉड-रिळाकडे जाणं ही या सगळ्या खरेदीतली खरी उडी आहे. अर्थशास्त्राच्या शालेय पुस्तकातला घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत त्यानंतर लागू होतो. दोन हजारांवरून पाच हजारांवर गेलात तर हाताला सुख मिळतं, पाचावरून पंधरावर गेलात तर मित्रांना दाखवायला मिळतं.

रॉड घ्यायचा तो काचतंतूचा की कार्बनचा? काचतंतूचे, म्हणजे फायबरग्लासचे रॉड दुसऱ्या महायुद्धानंतर आले. कार्बनतंतूचं तंत्र इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात १९६० च्या दशकात पुढे आलं आणि १९७० च्या दशकात त्याचे रॉड विकले जाऊ लागले. कार्बन हलका, ताठ, आणि आमिषाला माशाने नुसतं नाक लावलं तरी ती थरथर बोटांना कळते. फायबरग्लास जड, थोडा आळशी, पण मार खाऊ शकणारा. मोटारसायकलला बांधून, खडीच्या रस्त्याने धरणावर नेऊन, खडकावर आपटूनही तो शाबूत राहतो. कार्बनला एक ओरखडा पडला तर पुढच्या मोठ्या माशाच्या वेळी तो नेमका तिथेच मोडतो. बहुतेक महागडे रॉड मासा मोडत नाही, गाडीचा दरवाजा मोडतो.

कार्बनबद्दलची एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. तो विजेचा वाहक आहे. शेतावरून, कधी धरणाच्या काठावरूनही जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारांखाली लांब कार्बनचा रॉड उभा धरणं जिवावर बेतू शकतं. मृगाच्या आणि आर्द्रेच्या पावसात उघड्या काठावर तो हातात धरून उभं राहणं हा तर वेडेपणाच. ढग गडगडला की रॉड जमिनीवर आडवा ठेवायचा आणि काठ सोडायचा, मग तो पाचशेचा असो की पंचवीस हजारांचा. ओला बांबूही वीज वाहतो, म्हणून आजोबांनाही हाच नियम.

रिळाची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिचा धागा थेट कापडगिरणीत जातो. स्थिर फिरकीच्या रिळाचं पेटंट १९०५ साली इंग्लंडमधल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या गिरणीमालकाने घेतलं. कल्पना त्याला गिरणीतल्या सुताच्या बॉबिनवरून सुचली, असं सांगतात. बॉबिन फिरत नाही, तिच्या टोकावरून धागा सुटत जातो. दोरीही तशीच सोडली तर हलकं आमिषही दूर जाईल. गिरण्यांच्या जगातून हे यंत्र आलं, याची कल्पना धरणाकाठी रीळ फिरवणाऱ्या क्वचितच कुणाला असते.

पुढे ज्या कंपन्या रिळांसाठी प्रसिद्ध झाल्या त्यांचंही मूळ दुसऱ्याच यंत्रात आहे. स्वीडनची आबू १९२१ साली सुरू झाली, ती घड्याळं आणि टॅक्सीचे मीटर बनवायला. जपानची शिमानोही १९२१ सालचीच, सायकलचं फ्रीव्हील बनवणारी. मासेमारीत ती १९७० मध्ये उतरली. रीळ म्हणजे शेवटी दातेरी चक्रांची जोडी, आणि चक्रं अचूक कापायची तर खर्च येतोच. त्यामुळे महागड्या रिळाची किंमत म्हणजे नुसत्या नावाचे पैसे, असं म्हणणं अन्यायाचं होईल. शिमानोचं स्टेला हे रीळ परदेशात सातशे डॉलरच्या वर जातं. ते समुद्रावर, खाऱ्या फवाऱ्यात, दिवसाला शेकडो वेळा फेकून, वीस-तीस किलोच्या माशाशी झुंजायला केलेलं आहे. त्याच्या आत मीठ शिरू नये यासाठी जी बंदिस्ती केली जाते, तिचे पैसे आपण पेनटाकळीच्या गोड्या पाण्यासाठी का भरतो, हा प्रश्न आहे.

दुकानात रीळ हातात आलं की लोक बेअरिंगांची संख्या वाचतात. खोक्यावर मोठ्या आकड्यात ‘१२ बेअरिंग’ लिहिलेलं असतं, आणि आत बारा वाईट बेअरिंग असतात. चार चांगली त्यांच्यापेक्षा बरी. पाहायचं ते ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सावकाश सोडणारा रिळाचा ब्रेक. तो दोरी तुटण्याच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर लावायचा असतो. सहा किलोची दोरी असेल तर दीड-दोन किलोच्या ओढीला ती सुटू लागली पाहिजे. दुकानातच दोरीचं टोक धरून हळू ओढा. झटके देत सुटत असेल तर ते रीळ ठेवून द्या, कितीही सवलत असली तरी. एकसारखं सुटत असेल तर बाकीचं सगळं दुय्यम. हजार-बाराशेच्या रिळांत असं रीळ सापडतं, फक्त चार-पाच उघडून पाहावी लागतात. ऑनलाइन खरेदीचा तोटा नेमका हाच, ओढून बघता येत नाही.

कृत्रिम आमिषांबद्दल थोडक्यात. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ साली बुचाच्या लाकडातून चाकूने मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरून लेप दिला. विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून केलेली ती वस्तू आज जगभर महागडा ब्रँड म्हणून विकली जाते. मरळीसाठी रबरी बेडूक खुशाल घ्या, दीडशे-दोनशेचा. रोहू-कटल्याला मात्र कणकेचा गोळा आणि शेंगदाण्याची पेंड यापुढे जायची गरज नाही.

इथवरचं सगळं हौशी माणसाबद्दल. धरणावर ज्यांचं पोट आहे, त्या भोई आणि ढीवर कुटुंबांचा हिशेब वेगळा आहे, आणि स्वस्त-महाग हा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांचा आहे. त्यांचं साधन जाळं. पूर्वी जाळी सुताची असायची. दर वेळी वाळवावी लागायची, कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागायची, आणि तरी काही हंगामांत जायची. नायलॉनची जाळी आली तेव्हा ती कितीतरी महाग होती, पण हलकी, न कुजणारी आणि पाण्यात कमी दिसणारी होती. महाग साधन निर्विवाद परवडलं अशी उदाहरणं थोडी, त्यात हे पहिलं. कोचीला १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांचा देशात प्रसार केला. यातला एक धागा मराठी माणसाचाही आहे. आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहातली, १९७६ साली सुरू झालेली गरवारे-वॉल रोप्स, म्हणजे आजची गरवारे टेक्निकल फायबर्स, पुण्यातून आणि वाईतून मासेमारीची जाळी बनवते. नॉर्वे आणि कॅनडातल्या सामन माशांच्या पिंजऱ्यांनाही तिची जाळी लागतात. गळ नॉर्वेच्या कंपनीचा आणि जाळं नॉर्वेला, असा हा व्यवहार आहे.

रोज पाण्यात उतरणारा माणूस साधनाची किंमत वर्षांनी भागून पाहतो. दुप्पट किमतीचं जाळं तिप्पट टिकत असेल तर ते स्वस्त. महिन्यातून एखाद्या रविवारी धरणावर जाणाऱ्याला हे गणित लागू होत नाही, कारण त्याचं रीळ झिजण्याआधी त्याचा उत्साह झिजतो. पण पोटासाठी मासे धरणाऱ्याला हे गणित कळूनही पाळता येत नाही, कारण दुप्पट रक्कम एकदम हातात नसते. अनेक जलाशयांवर आजही ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावणारी माणसं दिसतात. होडीचं महत्त्व त्यांना कळत नाही असं समजणारा माणूस त्यांच्याशी कधी बोललेला नसतो.

आणि या साऱ्यात सर्वात महाग वस्तू कोणती, तर मासा स्वतः. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं, आणि मत्स्यबीज हवं तेव्हा मिळू लागलं. म्हणून १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन मानला जातो. आज आपल्या धरणांतले बहुतेक रोहू-कटले हे कुणीतरी विकत आणून सोडलेल्या बोटुकलीचे वाढलेले मासे आहेत. तो कुणीतरी म्हणजे बहुधा ठेका घेतलेली मच्छीमार सहकारी संस्था. तुमच्या गळाला लागलेल्या दोन किलोच्या कटल्याला तुम्ही दोन हजारांचा रॉड लावला असेल, पण त्याला पाण्यात सोडण्याचा खर्च तुमचा नाही.

तेव्हा खरेदीला निघालेल्या वाचकाला माझा सल्ला असा. अडीच हजार रुपये बाजूला काढले असतील तर फायबरग्लासचा सात-आठ फुटी रॉड सातशे-आठशेत घ्या, ड्रॅग तपासलेलं रीळ हजार-बाराशेत. उरलेल्या पैशात कंजुषी न करता चांगले गळ आणि ताजा तंगूस घ्या. नट भंगारातून आणा, भेंड धुऱ्यावरच्या धांड्याचं करा. पुढचा रॉड घ्यायचा विचार हा रॉड दोन उन्हाळे वापरून झाल्यावर करा. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. लोणारच्या सरोवरावर आणि ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीत रॉड नेऊच नका, तिथे वन्यजीव कायदा लागू आहे. पिण्याच्या पाण्याच्या धरणावर आधी नियम विचारा. आणि पहिला गळ पाण्यात टाकण्यापूर्वी त्या धरणाचा ठेका ज्या संस्थेकडे आहे तिच्या माणसाला भेटून परवानगी घ्या. मासा कुठल्या काठाला लागतो, हेही तोच सांगेल.